चौऱ्याण्णवची शेव्ही आणि फुंकणी

आमच्या आणि काकूंच्या मागच्या अंगणांमध्ये सहा फुटी लाकडी कुंपण आहे. मार्चमधल्या वाऱ्यात त्याची एक फळी निखळून पडली. इथे डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहणाऱ्याला मार्चमधला वारा समजावून सांगायला नको. एरवी कुंपणापलीकडच्या माणसाचं टक्कलसुद्धा दिसायचं नाही. फळी पडली आणि दोन घरांत बोलणं सुरू झालं. कॉलनीच्या असोसिएशनचं "फळी बसवा" असं पत्रही येऊन गेलं. पण तोवर त्या फटीतून इकडची कोथिंबीर तिकडे गेली होती, तिकडच्या चकल्या इकडे आल्या होत्या आणि काकांचा सुपारीचा डबा आडव्या पट्टीवर मुक्कामाला आला होता.

काका म्हणजे पलीकडच्या मुलाचे वडील. दापोडीच्या एसटी वर्कशॉपातून हेडमेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेत आणि पहिल्या पंधरा दिवसांतच कंटाळलेत. कुणाकडे म्हणून नट सैल नाही! समोरच्यांच्या दोन्ही गाड्या बॅटरीवरच्या. काका एकदा त्यातल्या एकीचं बोनेट उघडायला लावून आत वाकले, आणि आत बॅगा ठेवायची रिकामी जागा बघून काही न बोलता घरी आले. त्या दिवशी जेवले नाहीत, असं काकू म्हणतात. काकूंचं थोडं वजा करून घ्यावं लागतं.

अशा माणसाच्या शेजारी माझ्या नवऱ्याची १९९४ची शेव्हरोले पिकअप उभी होती.

"ट्रक घेतला म्हणे तुझ्या अहोंनी," काकू फटीतून म्हणाल्या. "ह्यांना वाटलं, खरंच ट्रक. हौदा बघून म्हणाले, एवढ्याशात वाळू तरी किती मावणार?"

"वाळू नाही हो काकू, ट्रेलर ओढायचाय. आणि आता म्हणे त्या इंजिनाला सुपरचार्जर बसवायचाय."

हे मी बोलायला नको होतं. काका आत टीव्हीसमोर होते, ते चप्पल न घालताच बाहेर आले.

मूळ दुखणं सांगते. गेल्या जुलैत कोलोरॅडोला निघालो होतो, मागे लग्नाच्या मांडवाएवढा ट्रेलर. न्यू मेक्सिको संपून कोलोरॅडो लागतं तिथे आय-२५ वर रॅटनचा घाट आहे, ७,८३४ फूट. चढ लागला आणि आमचा ट्रक तिशीवर आला. मागे गाड्यांची वरात. नवरा ॲक्सिलरेटर तुडवतोय, इंजिन बोंबलतंय, मुलगा मागून विचारतोय, "बाबा, आपण उतरून ढकलूया का?" तो प्रश्न नवऱ्याच्या वर्मी लागला. परत आल्यापासून रात्री बारा-बारापर्यंत सुपरचार्जर बघणं चालू आहे.

"त्यात इंजिनाचा काय दोष?" काका म्हणाले. "वर गेलं की हवाच विरळ. हजार फुटाला साधारण तीन टक्के ताकद गेली असं धर. पावणेआठ हजारांवर जवळजवळ चौथा हिस्सा गेला. पेट्रोल हवं तेवढं घाल, हवा नसेल तर जळणार कशात? चुलीतलं लाकूड धुमसायला लागलं की तुझी आजी काय करायची?"

"फुंकणी घ्यायची."

"झालं. सुपरचार्जर म्हणजे फुंकणी. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरते आणि इंजिनाच्याच नाकात फुंकते. टर्बो तेच काम धुराच्या जोरावर करतो. आता बोल, फुंकणी कुठली घेतोय?"

तेवढ्यात नवरा फ्रिजवरचे तीन कागद घेऊन आलाच. त्या तीन कागदांना मी दोन महिने चुंबकासकट सांभाळते आहे. माझी किराणा मालाची यादी त्यांच्याखाली गेली, ती अजून सापडलेली नाही.

पहिला कागद सेंट्रिफ्यूगलचा. दिसायला गोगलगाय. आत पंख्यासारखं एक चाक गरगर फिरतं आणि हवा कडेला फेकतं. बसवायला सोपा, बाजूला पट्ट्याला जोडला की झालं, बोनेट कापायला नको. नवऱ्याचं मन याच्यावर बसलेलं. काका चष्मा पुसत म्हणाले, "काकूचा मिक्सर एक नंबरवर ठेवला तर खोबरं वाटलं जातं का? तसंच हे. याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. समज, ४,८०० फेऱ्यांवर हा ६ पौंड दाब देतो. मग निम्म्या फेऱ्यांवर, २,४०० ला, किती देणार?"

"तीन," मी म्हटलं.

"दीड! निम्म्याचा वर्ग पाव. तू ट्रेलर ओढताना इंजिन कितीवर ठेवतोस? दोन-अडीच हजारांवर. तिथे ही गोगलगाय झोपलेली असणार. रस्त्यावर पोरांशी शर्यत लावायची असेल तर घे, वरच्या फेऱ्यांना उत्तम आहे. घाटासाठी नको."

नवऱ्याने क्षीण आवाजात म्हटलं, की घाटात खालच्या गिअरला फेऱ्या वर जातातच. काकांनी ते मान्य केलं. "जातात. पण दिवसभर इंजिन किंचाळत ठेवून ट्रेलर ओढणार असशील, तर आधी बायकोला विचार." मला कुणी विचारलं नाही.

या गोगलगायीची एक गोष्ट मात्र मला आवडली. ती आमच्या गल्लीच्या टोकाच्या अमेरिकन आजोबांनी सांगितली. अमेरिकेत हा प्रकार ज्याने घरोघर पोचवला तो रॉबर्ट पॅक्स्टन मॅकलॉक, झाडं कापायचे यांत्रिक करवत विकणारा माणूस. त्याच्या मधल्या नावावरून पॅक्स्टन हे सुपरचार्जरचं नाव पडलं. १९५७च्या फोर्ड थंडरबर्डच्या काही गाड्यांना आणि स्टुडबेकरला त्याचेच सुपरचार्जर होते. त्याच माणसाने १९६८ साली लंडनचा जुना लंडन ब्रिज विकत घेतला. चोवीस लाख साठ हजार डॉलरना! दगड सुटे करून ॲरिझोनाच्या वाळवंटात आणले आणि लेक हवासू सिटीत पूल परत बांधला. काकू हे ऐकून म्हणाल्या, "बघ, तुझ्या अहोंनी निदान ट्रकच आणलाय."

दुसरा कागद ट्विन स्क्रूचा. दोन मळसूत्रं एकमेकांत गुंतलेली. हवा एका टोकाने शिरते आणि पुढे सरकता सरकता जागा आकसत जाते, म्हणजे आतल्या आत दाबली जाते. स्वीडनच्या आल्फ लिशोल्म नावाच्या इंजिनिअरने १९३०च्या दशकात तो कामाचा केला. हवा कमी तापते, खालपासून जोर मिळतो, सगळं चांगलं. किंमत बघून मीच तो कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. काकांनीही वाद घातला नाही.

तिसरा रूट्स. इथे काकांना खरी मजा आली. नवऱ्याने चित्र दाखवलं: लांबट पेटीत दोन फुगीर पाकळ्यांचे रूळ, एकमेकांत फिरणारे.

"हा तर उसाचा चरक!" काकू म्हणाल्या.

"नाही. सगळे हीच चूक करतात. चरकात ऊस दोन रुळांच्या मधून जातो. इथे मधून काहीच जात नाही, मधली फट तर जवळजवळ बंद असते. हवा जाते ती कडेने, पाकळी आणि पेटीची भिंत यांच्या खोबणीत बसून. हा चरक नाही, रहाट आहे. एकेक पोहरा भरायचा आणि पलीकडे ओतायचा. आत दाबतबिबत काही नाही. पलीकडे हवेची गर्दी झाली की दाब आपोआप चढतो."

म्हणून फायदा काय, तर दर फेरीला ठरलेली हवा. इंजिन हळू असो की जोरात, रहाटाचा पोहरा तेवढाच. हजार-दीड हजार फेऱ्यांपासून जोर लागतो. घाटाला हेच हवं. तोटा उष्णतेचा. काकांनी गणित मांडलं ते मी वाणसामानाच्या पावतीमागे लिहून घेतलं: टेक्सासच्या ऑगस्टमधली ४० अंशांची हवा रूट्सने ६ पौंडांवर नेली की ती शंभर अंशांच्या आसपास पोचते. "म्हणजे तुझ्या चहाच्या आधणाएवढी. अशी हवा इंजिनात गेली की ठिणगीची आग पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल आपोआप पेटायला बघतं. ठोका ऐकू येतो. तो ठोका पंधरा मिनिटं दुर्लक्षित केलास तर पिस्टनला भोक."

हा रूट्स शब्द म्हणजे झाडाची मुळं नव्हेत. फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स हे दोघे भाऊ, इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलचे. त्यांचं पेटंट १८६०चं. मोटारगाडी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. भट्ट्यांना वारा घालायला ही यंत्रं जायची. काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे लोहाराचा भाता! आणि हे लोक त्याला रेसिंगचं सामान म्हणतात."

पण काकांना खरा आनंद त्या टोपीवाल्या अमेरिकन आजोबांच्या गॅरेजमध्ये झाला. आजोबांकडे पन्नास वर्षांपासून एक ॲल्युमिनियमचा मोठा ब्लोअर पडून आहे, त्याला ते "सिक्स सेव्हन्टीवन" म्हणतात. शर्यतींच्या गाड्यांवर बोनेटमधून वर आलेलं चांदीचं धूड चित्रात दिसतं ना, तेच. नवरा श्रद्धेने बघत होता. काकांनी विचारलं, हे नाव कशावरून? मी भाषांतराला होते. आजोबा म्हणाले, जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनावरून. सहा सिलिंडर, प्रत्येक ७१ घनइंचांचा. १९३८ सालापासूनची ही मालिका. ट्रकमध्ये असायची, आणि शहरातल्या बसमध्ये.

"बसमध्ये?" काका एकदम ताठ उभे राहिले. "बसचा पार्ट आहे हा?"

होताच. ते इंजिन टू-स्ट्रोक. त्यातला जळका धूर बाहेर ढकलून ताजी हवा भरायला हा ब्लोअर लागायचा. ताकद वाढवायला नव्हे, घर झाडायला. युद्धानंतर पोरांनी भंगारातून हे काढले आणि पेट्रोलच्या व्ही-एटवर चढवले. म्हणजे जगातला सगळ्यात दिमाखदार सुपरचार्जर मुळात डेपोतला झाडूवाला निघाला. काकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दोन म्हाताऱ्यांना त्यानंतर भाषांतर लागलं नाही. काका मराठीत आणि आजोबा टेक्सनमध्ये तासभर बोलले.

"मग हाच घेऊया?" नवरा.

"वेडा आहेस. हा एका फेरीला चारशे घनइंचांहून जास्त हवा फेकतो. तुझं इंजिन किती? ३५० घनइंच, तेही दोन फेऱ्यांत. म्हणजे फेरीला १७५, आणि जुनं इंजिन पूर्ण श्वास घेत नाही, १४०च धर. सहा पौंडांसाठी त्याच्या चाळीस टक्के जास्त, म्हणजे दोनशेच्या घरात. चार माणसांच्या स्वयंपाकाला लग्नाचं पातेलं कशाला? शंभर-सव्वाशेचा छोटा रूट्स घे, त्याची पुली लहान ठेवून इंजिनाच्या दुप्पट किंवा थोडा जास्तच फिरव, गळती असते ना. जास्त दाब हवा तर पुली बदलते, ब्लोअर नाही."

इथे माझ्या नवऱ्याच्या ट्रकची एक वेगळीच भानगड निघाली. हे इंजिन ५.७ लिटरचं, कार्ब्युरेटर जाऊन पूर्ण इंजेक्शन यायच्या मधल्या काळातलं. वर कार्ब्युरेटरसारखीच एक बैठक, तिच्यात दोन इंजेक्टर, तेच खाली पेट्रोल शिंपतात. पेट्रोलचा दाब जेमतेम १२ पौंडांच्या आसपास. आता गोगलगायीने बाहेरून सहा पौंड हवा त्याच बैठकीत फुंकली, तर पेट्रोलला ढकलायला उरले सहा. हवा वाढली आणि पेट्रोल निम्म्या जोरावर आलं. रेग्युलेटरला तो दाब कळवायची सोय केली नाही, तर इंजिन कोरडं जळणार. छोट्या रूट्सचं तसं नाही. ही बैठक त्याच्या डोक्यावर बसते, त्यामुळे इंजेक्टरांना दाबाचा पत्ताच लागत नाही. शिवाय पेट्रोल ब्लोअरमधूनच खाली जातं, वाटेत वाफ होताना हवा थोडी गार करतं. मात्र इंजिनाने उलटी ढेकर दिली तर ब्लोअरभर पेट्रोलची वाफ असते, म्हणून दाब सुटायची झडप पाहिजेच पाहिजे.

आणि कॉम्प्युटर! त्या काळच्या या ट्रकचा कॉम्प्युटर हवा मोजतो ती मॅनिफोल्डमधल्या दाबावरून. पण त्याचा सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच मोजू शकतो. त्याच्या वर काय चाललंय ते त्याला दिसतच नाही. "म्हणजे सासूला स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच दिसतं," काकू म्हणाल्या आणि आत सुनेने ऐकलं का ते बघायला वळल्या. तर दुप्पट मापाचा सेन्सर, नव्याने लिहिलेली चिप आणि दाब वाढेल तसं टायमिंग मागे घेणं, हे सगळं त्या किमतीत धरायचं. किटच्या जाहिरातीत ते खाली बारीक अक्षरांत असतं.

पेट्रोलचाही प्रश्न आलाच. इंजिनाचं कॉम्प्रेशन ९ च्या जरा वर. सहा पौंड फुंकले की ते तेरासारखं वागायला लागतं. इथे पंपावर ८७, ८९ आणि ९३ असतं. काका म्हणाले, "८७? आमच्याकडे साधंच ९१ असतं." त्यावर नवऱ्याला एक तरी गोष्ट काकांना सांगता आली: मोजायची पद्धत वेगळी, इथलं ८७ आणि आपलं ९१ साधारण एकच. काकांनी ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "तरी तू ९३च भर. आणि सहाच्या वर जायचं नाही. पिस्टन साधे आहेत, गिअरबॉक्सही दोनशे घोड्यांना बेतलेला. तू अडीचशे-पावणेतीनशे घोडे जुंपणार, कुठेतरी काहीतरी तुटणार."

सरकारी अडचण मात्र आम्हाला नाही. टेक्सासात पंचवीस वर्षांवरच्या गाडीला धुराची तपासणी नसते. माझी चुलतबहीण कॅलिफोर्नियात असते. तिच्याकडे प्रत्येक किटला तिथल्या मंडळाचा मंजुरी क्रमांक असल्याशिवाय स्क्रूसुद्धा फिरवता येत नाही.

एवढं सगळं होऊन छोटा रूट्स, सहा पौंड, ९३चं पेट्रोल, असं ठरलं. नवरा कार्ड काढायला आत निघाला, तर काकांनी फटीतून हात घालून त्याचा सदरा धरला.

"इंजिन किती चाललंय?"

"एक लाख ऐंशी हजार मैल."

"ऑइल खातं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

नवरा गप्प. मी सांगितलं: दर दुसऱ्या पेट्रोलला एक डबा. गॅरेजमध्ये रिकामे डबे मीच गोळा करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काका शर्टाच्या बाह्या दुमडून हजर. पार्टच्या दुकानातून अनामत भरून कॉम्प्रेशन गेज उसना मिळतो, तो आणला. इंजिन गरम केलं, आठही प्लग काढले, इंधन आणि ठिणगी बंद केली, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि मला चावी फिरवायला बसवलं. मी फिरवायची, काटा चढायचा, काका आकडा ओरडायचे, काकू कुंपणापलीकडून वहीत लिहायच्या. १५०, १४५, १५५, १४८, १५०, १४५. आठव्याला १५२. सातवा, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा सगळ्यात मागचा, प्लगच्या भोकापर्यंत हात नीट पोचेना म्हणून शेवटी ठेवला होता.

९५.

काकांनी गेज काढून परत लावला. ९५च. कंपनीचा नियम असा, की सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या सत्तर टक्क्यांखाली नको आणि शंभराच्या खाली तर कुणीच नको. हा दोन्हीत नापास. मग काकांनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा चावी मारायला सांगितली. काटा १३०वर गेला. "रिंगा," काका म्हणाले. "व्हॉल्व्ह गेले असते तर ऑइलने फरक पडला नसता. याच्यावर तू फुंकणी लावणार होतास. सगळी हवा खाली क्रँककेसमध्ये गेली असती, ऑइल सील ओकले असते आणि रॅटनच्या आधीच तू धूर काढत उभा राहिला असतास."

नवरा पाच मिनिटं कुणाशी बोलला नाही. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर सहा हजार डॉलर वाचले म्हणून बरंही वाटलं. तेही फार टिकलं नाही, कारण काका लगेच म्हणाले, "इंजिन उतरवूया. रिंगा, बेअरिंगं, हेड गॅस्केट. बांधतानाच रिंगांची फट जरा जास्त ठेवू, पुढे ब्लोअर लावायचा असेल तर लागेल." तिकडे काकूंनी कपाळाला हात लावला. सहा महिन्यांत लास व्हेगास बघायचं ठरलं होतं.

आता ते ३५० घनइंची इंजिन आमच्या गॅरेजमध्ये स्टँडवर आहे. ट्रेलर असोसिएशनच्या दुसऱ्या पत्रानंतर भाड्याच्या जागेत गेला. अमेरिकन आजोबा रोज संध्याकाळी टोपी घालून येतात आणि एक स्टूल राखून बसतात. सुपरचार्जरचे तिन्ही कागद पुन्हा फ्रिजवर लागलेत, फक्त त्यांच्यावर आता काकांच्या अक्षरात रिंगांची मापं आहेत. काकांचं परतीचं तिकीट २० सप्टेंबरचं आहे. फळी अजून बसवलेली नाही.